विदाचे नावगाव

लघुप्रबंध तपासायला घेतला की मी तो शेवटून वाचू लागतो. आधी संदर्भसूची, मग टिपा आणि त्यानंतर पहिले प्रकरण. ही खोड मला माझ्या शिक्षकांकडून लागली. विद्यार्थ्याने काय वाचले आहे हे सूचीवरून कळते, आणि काय वाचलेले नाही हेही कळते. शिक्षकाला बहुधा दुसऱ्या गोष्टीतच अधिक रस असतो.

यंदा एका विद्यार्थिनीचा लघुप्रबंध असाच शेवटून वाचत होतो. विषय बोलीतील नातेवाचक शब्दांचा. काम मेहनतीने केलेले होते. तिसऱ्या प्रकरणात एक तक्ता होता, कोणत्या गावात कोणता शब्द किती जणांनी सांगितला याचा, आणि पुढचे सगळे विवेचन त्या तक्त्यावर उभे होते. तक्त्याखाली एवढेच : ‘स्रोत – संकेतस्थळ’. कोणते, म्हणून विचारले तर ती म्हणाली, “सर, मागच्या दिवाळीत होतं ते पान. आता उघडतच नाही.” ती खोटे बोलत नव्हती. संकेतस्थळाला नवा रंग दिला गेला होता, मुखपृष्ठावर फिरती छायाचित्रे आली होती आणि जुनी पाने कुठे गेली ते सांगणारे कोणी नव्हते. तिला रागावण्यासाठी मी तोंड उघडले आणि तसाच गप्प बसलो. पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिलेल्या एका लेखाच्या तळटिपांत चार दुवे आहेत. त्यांतला एकही आज उघडत नाही.

हे दुखणे केवळ मराठी विभागांचे असते तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. विज्ञानात ते फार मोठ्या प्रमाणावर आहे, कारण तेथे निष्कर्षाचा सगळा भार मोजमापांवर आणि नोंदींवर असतो. त्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक उपायही रुळत आला आहे : संशोधनात वापरलेल्या विदाला ग्रंथासारखे एक कायमचे ओळखचिन्ह द्यायचे, आणि लेखाच्या संदर्भसूचीत त्या चिन्हासह त्याचा रीतसर निर्देश करायचा. हा उपाय वरवर यांत्रिक वाटतो. माझ्या मते तो मुळात आपल्या, म्हणजे पाठचिकित्सेच्या, घरातला आहे. तेव्हा ‘ते विज्ञानवाल्यांचे’ म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणे आपल्याला शोभत नाही.

आधी शब्दाविषयी. ‘डेटा’साठी ‘विदा’ हा शब्द मला आवडतो, पण त्याचे सामान्यरूप नियमाप्रमाणे करायला गेले की ‘विद्या’शी टक्कर होते. म्हणून लोक ‘विदाचा’, ‘विदाला’ असेच लिहितात. व्याकरण शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी क्षमा करावी. ‘माहिती’ म्हणून भागत नाही. माहिती ही अर्थ लावून झाल्यानंतरची गोष्ट, विदा त्याआधीची. हस्तलिखित आणि संपादित संहिता यांत जे अंतर आहे, साधारण तेच येथेही आहे. असो.

विदाचा नेमका पत्ता नसेल तर काय होते, याची एक गोष्ट अर्थशास्त्रात घडली. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी एक छोटा लेख प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की आर्थिक वाढ एकाएकी घसरते, असे त्यांचे म्हणणे. युरोपात तेव्हा कर्जसंकट चालू होते. काटकसरीचा आग्रह धरणाऱ्या राजकारण्यांच्या तोंडी हा ९० चा आकडा बसला. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेतील टॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या प्रसिद्ध लेखातली आकडेमोड पुन्हा करून पाहायची होती. त्याने हाच लेख निवडला. लेखकांनी जमवलेली मूळ आकडेवारी सर्वांना खुली होती, तरी त्याचे उत्तर त्यांच्या उत्तराशी जुळेना. अखेर त्याने लेखकांनाच लिहून त्यांनी प्रत्यक्ष वापरलेला तक्ता मागितला, आणि त्यांनी तो दिला. हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. सगळेच देत नाहीत. त्या तक्त्यातील सरासरीच्या सूत्रातून वर्णानुक्रमातले पहिले पाच देश सुटले होते : ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. याशिवाय काही देशांची काही वर्षे हिशेबात घेतलेली नव्हती, आणि कोणत्या देशाला किती वजन द्यायचे याची रीतही वादग्रस्त होती. हर्नडन आणि त्याचे शिक्षक मायकेल ॲश व रॉबर्ट पॉलिन यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की जास्त कर्ज असलेल्या गटाच्या वाढीचा दर उणे ०.१ टक्का नसून २.२ टक्के येतो. मूळ लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली. व्यापक निष्कर्ष मात्र त्यांनी सोडला नाही.

या गोष्टीत आकडेवारी हरवलेली नव्हती, ती कोणालाही पाहता येत होती. जिच्यावरून निष्कर्ष काढला ती नेमकी प्रत मात्र तीन वर्षे वाचकांसमोर नव्हती. साहित्याच्या अभ्यासकाला हे सांगायला नको. ‘तुकाराम, अभंग अमुक’ एवढे लिहून आपले भागत नाही, कारण गाथेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत अभंगांची संख्या आणि क्रम सारखा नाही. आवृत्ती सांगितली नाही तर क्रमांक निरर्थक ठरतो. ‘लीळाचरित्रा’तील लीळांचेही तेच. याउलट प्लेटोचा निर्देश जगभर एकाच पद्धतीने होतो : १५७८ मध्ये आंरी एत्येन याने छापलेल्या आवृत्तीचे पृष्ठांक आणि त्यातील भागांची अक्षरे आजच्या भाषांतरांच्या समासातही छापलेली असतात. ती जुनी पाने हातात घेऊन आज कोणी प्लेटो वाचत नाही. तरीही साडेचारशे वर्षांनंतर पत्ता तोच आहे, कारण प्रत्येक पिढीच्या संपादकांनी तो जपण्याचे कबूल केले. माझ्या दृष्टीने हे चिरस्थायी ओळखचिन्हच होय, आणि त्याला वीज लागत नाही.

पत्ताच नसलेल्या विदाचेही उदाहरण आहे. करोनाच्या साथीत, २२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनविषयी एक लेख आला. सहा खंडांतील ६७१ रुग्णालये आणि ९६,०३२ रुग्ण यांच्या नोंदींवर तो आधारलेला होता, असे त्यात म्हटले होते. या नोंदी ‘सर्जिस्फिअर’ नावाच्या एका कंपनीकडे होत्या. स्वतंत्र परीक्षकांनी त्या मागितल्या तेव्हा कंपनीने त्या दिल्या नाहीत, आणि ४ जून रोजी, म्हणजे दोन आठवडेही पुरते उलटले नव्हते तेव्हा, लेखाच्या चारांपैकी तीन लेखकांनी तो मागे घेतला. तोवर काही औषध-चाचण्या थांबवल्या गेल्या होत्या. लेखाला संदर्भसूची होती. पण ज्यावर सगळे उभे होते त्या नोंदींपर्यंत वाचकाला नेणारी वाट त्यात नव्हती.

बहुतेक वेळा मात्र असे काही नाट्य घडत नाही. विदा हळूहळू नाहीसा होतो, घरातल्या जुन्या पत्रांसारखा. टिमथी व्हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते बावीस वर्षे जुन्या ५१६ जीवशास्त्रीय लेखांचा विदा त्यांच्या लेखकांकडे मागून पाहिला. २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीनुसार विदा अजून अस्तित्वात असण्याच्या शक्यतेचे प्रमाण लेखाच्या वयाबरोबर दरवर्षी १७ टक्क्यांनी घटत जाते. लेखकांचे इ-मेल पत्ते बंद पडलेले असतात. विदा असतो तोही अशा चकत्यांवर की त्या वाचणारे यंत्र आता कोणाकडे नाही. ‘मागणी केल्यास विदा पुरवला जाईल’ हे लेखाच्या शेवटचे वाक्य सज्जनपणाचे असते, पण त्यावर विसंबता येत नाही. माणसे नोकऱ्या बदलतात, निवृत्त होतात, मरतात.

हे ओळखचिन्ह चालते कसे? महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. पुस्तक कोणत्या कपाटात आहे हा त्याचा पत्ता. कपाटे हलतात, वाळवी लागते, नवी इमारत होते. पण पुस्तक ग्रंथालयात आले त्या दिवशी दाखल-नोंदवहीत चढलेला क्रमांक बदलत नाही. नोंदवही नीट ठेवली असेल तर क्रमांक सांगून पुस्तक सापडते. महाजालावरचा नेहमीचा दुवा म्हणजे कपाटाचा पत्ता. डीओआय, हँडल, आर्क ही नावे असलेली चिन्हे म्हणजे दाखल क्रमांक. आपण चिन्ह देतो, मधली नोंदवही त्या चिन्हापुढे लिहिलेला आजचा पत्ता पाहते आणि आपल्याला तेथे नेऊन पोचवते. विदा दुसरीकडे हलवला की सांभाळणाऱ्याने नोंदवहीतला पत्ता बदलायचा असतो. लेखात छापलेले चिन्ह तेच राहते.

यंत्राचा भाग एवढाच. त्याने पत्ता बदलला नाही, तर डीओआयदेखील रिकाम्या घराच्या दारात नेऊन सोडतो. म्हणून या चिन्हांना ‘चिरस्थायी’ म्हणताना मला थोडा संकोच वाटतो. टिकाऊपणा आकड्यांच्या अंगी नसतो; कोणीतरी संस्था तो अंगावर घेते. अमेरिकेतील ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेने १९९५ मध्ये कायम राहतील अशा पत्त्यांची एक सेवा सुरू केली होती. ती पुढे चालवणे तिला नको झाले, तेव्हा २०१६ मध्ये तिने ती बंद न करता इंटरनेट आर्काइव्हच्या स्वाधीन केली. व्रत दुसऱ्याच्या हाती सोपवणे म्हणतात ते हेच. आपल्याकडे संकेतस्थळाचे कंत्राट संपले की जुने कंत्राटदार आणि जुनी पाने एकाच दिवशी जातात.

इतिहास थोडक्यात सांगतो. शोधनिबंधांना डीओआय देण्याची सामायिक व्यवस्था २००० मध्ये उभी राहिली. विदासाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथील विज्ञान-तंत्रज्ञान ग्रंथालयाने पुढाकार घेतला, आणि त्यातून २००९ च्या डिसेंबरात लंडन येथे डेटासाइट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. येथे ग्रंथपालांनी वाट दाखवली हे मुद्दाम नोंदवतो. जीवशास्त्राच्या एका शाखेत मात्र ही शिस्त त्याहून फार जुनी आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तीत अवघ्या सात प्रथिनांच्या रचना होत्या. प्रत्येक रचनेला चार अक्षरांचा संकेत मिळत असे. लेख छापायचा तर रचना तेथे जमा करून तिचा संकेत लेखात द्यायचा, असा दंडक नियतकालिकांनी हळूहळू घातला. २०२३ पर्यंत तेथील रचनांनी दोन लाखांचा टप्पा ओलांडला. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या कामाला मिळाले, त्यात प्रथिनांच्या रचना संगणकाकडून वर्तवून घेणारी अल्फाफोल्ड ही प्रणाली होती, आणि ती शिकली या बँकेतल्या रचनांवर. पन्नास वर्षे एकेक स्फटिक वाढवून एकेक रचना तेथे ठेवणाऱ्या हजारो लोकांची नावे नोबेलच्या बातमीत येणे शक्य नव्हते. पण प्रत्येक रचनेला संकेत आहे, आणि संकेतापाशी ती ठेवणाऱ्यांची नावे आहेत.

श्रेयाचा हा मुद्दा मला पडताळ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. विदा गोळा करणारा माणूस संशोधनाच्या उतरंडीत तळाशी असतो. त्याचे नाव ऋणनिर्देशात येते, पुष्कळदा ‘सर्व क्षेत्रसहायक’ अशा शब्दांत. २०१४ मध्ये विदा-निर्देशनाची तत्त्वे मांडणारा एक संयुक्त जाहीरनामा निघाला. विदा हा संशोधनाचा स्वतंत्र, उद्धृत करण्याजोगा ऐवज मानावा आणि तो तयार करणाऱ्यांना त्याचे श्रेय द्यावे, हे त्यात आरंभीच येते. त्याच जाहीरनाम्यात असेही एक तत्त्व आहे की विदा नष्ट झाला तरी त्याचे ओळखचिन्ह आणि वर्णन टिकले पाहिजे. काही वैज्ञानिकांना हे विचित्र वाटते : वस्तूच नाही तर तिची पाटी कशाला? आपल्याला तसे वाटू नये. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ आज कोठे आहे? पण ती होती, कोणाची होती, तिच्यातून पुढे काय काय निघाले हे आपण वर्गात शिकवतो, ते इतरांनी तिचा नाव घेऊन निर्देश केला म्हणून.

भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कोणतेही पान उघडून पाहावे. वर संहिता, खाली पाठभेद, आणि प्रत्येक पाठभेदापुढे तो कोणत्या हस्तलिखितात आहे त्याचे अक्षरचिन्ह. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांच्या निर्णयाशी वाचकाचे मत जुळले नाही, तरी त्यांनी तो कशावरून घेतला हे त्याला पाहता येते, आणि वेगळा निर्णय घेण्याचे साहित्य त्याच पानावर मिळते. उत्तम विदा-निर्देशन याहून निराळे काही करत नाही.

मग आपल्या विद्यापीठीय व्यवहारात या चिन्हाचे काय झाले आहे? पैसे घेऊन आठवड्याभरात लेख छापणारी नियतकालिके ‘डीओआयसह प्रसिद्धी’ अशी जाहिरात करतात, आणि बढतीच्या चिंतेत असलेले आपले सहकारी तो क्रमांक दर्जाचा शिक्का समजून अर्जात चढवतात. शिधापत्रिका मिळाली म्हणून माणूस सज्जन ठरत नाही. क्रमांक एवढेच सांगतो की वस्तू अमुक ठिकाणी आहे आणि अमुक तिला जबाबदार आहे. ती भिकार आहे की मोलाची, हे वाचूनच ठरवायचे.

आणि जेथे हे चिन्ह खरोखर कामाचे आहे तेथे ते आपल्याला दिसतच नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगे’वर आपण रोज जातो. तेथील प्रत्येक प्रबंधाच्या पानावर १०६०३ ने सुरू होणारे हँडल छापलेले असते. माझे विद्यार्थी सूचीत मात्र कधी नुसते ‘शोधगंगा’ लिहितात, तर कधी उतरवून घेतलेल्या धारिकेचे नाव. वर हे पाच आकडे मी देवनागरीत लिहिले, पण सूचीत तसे करून चालत नाही. यंत्राला देवनागरी एक आणि रोमन एक हे निरनिराळे वर्ण दिसतात. चिन्ह देवनागरीत छापले की ते निकामी होते. मराठी नियतकालिकांच्या मुद्रितशोधकांनी अंक सरसकट बदलताना एवढे एक ठिकाण वगळावे.

एक आक्षेप खरा आहे, आणि तो क्षेत्रकार्य करणाऱ्यांकडून येतो. माणसांनी विश्वासाने सांगितलेले सगळेच चव्हाट्यावर ठेवायचे का? नाही. चिन्हापाशी विदाचे वर्णन, तो कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणत्या अटीवर पाहता येईल एवढेच असू शकते. कुलूप असलेल्या कपाटातल्या पुस्तकालाही दाखल क्रमांक असतोच.

त्या विद्यार्थिनीचे पुढे असे झाले. हरवलेले पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडले, पण पानावरून उतरवून घ्यायची तक्त्याची धारिका तेथे जतन झालेली नव्हती. सुदैवाने तिने स्वतःसाठी एक छापील प्रत काढून ठेवली होती. ती आम्ही परिशिष्टात जोडली, पान केव्हा पाहिले ती तारीख लिहिली आणि जतन झालेल्या पानाचा पत्ता दिला. त्यानंतर विभागातल्या आम्ही तिघांनी बसून लघुप्रबंधांच्या सूचनापत्रात एक कलम वाढवले : विदा वापरला असेल तर तो मुख्य सूचीतच घ्यावा, आणि निर्माता, वर्ष, शीर्षक, आवृत्ती, भांडार व ओळखचिन्ह या क्रमाने लिहावा.

कलम सरळ वाटत होते. पुढच्याच आठवड्यात जात्यावरच्या ओव्यांवर काम करणारा एक विद्यार्थी आला. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून जमलेला, बर्नार्ड बेल यांच्या मदतीने संगणकावर चढलेला आणि आता ‘पारी’ या संकेतस्थळावर खुला होत असलेला एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह. त्यात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. त्याने विचारले, “सर, ‘निर्माता’ म्हणून कोणाचं नाव लिहू? जमवणाऱ्यांचं, की गाणाऱ्या बाईंचं?” आम्ही तिघे पुन्हा बसलो. एकाचे म्हणणे, ओवी परंपरेची, तिला निर्माता नाही. दुसऱ्याचे, संग्राहकांशिवाय ती कागदावर आलीच नसती. शेवटी, संपूर्ण संग्रहाचा निर्देश असेल तर संग्राहकांचे नाव, आणि एका ओवीचा असेल तर आधी गाणारीचे नाव व गाव आणि मग संग्राहकांचे, असे ठरले. सूचनापत्रातले ते कलम आता चार ओळींचे झाले आहे, आणि त्यातला ‘निर्माता’ हा शब्द अजून कोणालाच पटलेला नाही.